मागे झोपलाय

बसा. तो गच्चीवरचा दिवा बंद कर रे. उजेडाला किडे येतात, आणि गोष्ट ऐकायला माझं तोंड दिसायची गरज नाही. उद्या पहाटे निघताय ना? दोर, तंबू, हेल्मेटं, सगळं बांधून झालं? छान. आमच्या वेळी सुट्टीत माणसं झोपत. तुम्ही सुट्टीत जीव धोक्यात घालता आणि त्याचे फोटो काढता. माझी हरकत नाही. मी जन्मभर कारकुनी केली. हरकती घेणं हे वरिष्ठांचं काम.

भूत आहे का म्हणतोस? ते तू ठरव. मी घडलं तेवढं सांगतो. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. आमच्या मोजणी कार्यालयातला मोजणीदार. लोकांच्या जमिनी मोजून द्यायचा, आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायचा. सरळ माणूस. अबोल. एखादी गोष्ट त्याला लागली की आत पोहोचायला वेळ लागायचा. पण एकदा पोहोचली की ती बाहेर निघायची नाही.

त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, दातांचा डॉक्टर होता. या धंद्यात समोरचा माणूस तोंड उघडून पडलेला असतो आणि बोलायचं काम एकट्या डॉक्टरचं. तीच सवय याला बाहेरही लागलेली. लग्न केलं नव्हतं. बहिणीवर जीव होता, आणि बहिणीच्या नवऱ्यावर जीभ. 'जावईबापू' म्हणायचा त्याला. 'जावईबापू, वल्हं आहे ते, झाडू नव्हे.' 'जावईबापू, बोटीत बसायचं असतं, बोटीखाली नाही.' आणि हे सगळं चारचौघांत. लोकांना खरोखर हसू यायचं, हीच पंचाईत. विनोद भिकार असते तर मोजणीदाराने कधीच सोडून दिले असते.

दोघं दर उन्हाळ्यात नदीवर जात. त्या एकेकट्याने बसायच्या लांबट बोटी असतात ना, कयाक, त्या घेऊन. वेड मेहुण्याचं, पण हा सोबत जावा हा हट्ट बायकोचा. तिला वाटायचं, दोघांना चार दिवस एकत्र पाण्यात सोडलं की जमेल त्यांचं. लोणच्याच्या बाबतीत हा हिशेब बरोबर ठरतो. माणसांच्या बाबतीत नाही.

आता या बोटीवाल्यांची एक रीत समजून घ्या, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. नदी माणसाला खाली आणून सोडते, परत वर नेत नाही. म्हणून गाड्या दोन लागतात. एक आधीच खाली, जिथे उतरायचं तिथे नेऊन ठेवायची. मग दोघांनी दुसऱ्या गाडीतून बोटी घेऊन वर जायचं, ती गाडी वर ठेवायची, आणि पाण्यात उतरायचं. खाली पोहोचलं की तिथली गाडी तयार. आलं लक्षात? मग बोटीत बाकी काही न्या, नेऊ नका, खालच्या गाडीची किल्ली न्यायची असते. आणि हा धंदा करणारा प्रत्येक माणूस जन्मात एकदा तरी ती वर विसरतो.

त्या वर्षी मेहुणा विसरला. मे महिन्याचा शेवटचा शनिवार होता तो.

खालची गाडी मेहुण्याची, वरची मोजणीदाराची. सकाळी वर कपडे बदलताना मेहुण्याने आपली इस्त्रीची पँट मोजणीदाराच्या गाडीत, मागच्या दाराच्या हुकाला हँगरवर टांगली. किल्ली पँटीच्या खिशात. फोनही त्याच खिशात. पाण्यात कोण नेतो? दिवसभर नदी. तीन ठिकाणी खळाळ, तिन्ही ठिकाणी मोजणीदार उलटा झाला, आणि तिन्ही वेळा मेहुण्याने काठावरच्या दुसऱ्या बोटीवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याचं कौतुक केलं. संध्याकाळी उतरायच्या जागी आले. एका बाजूला उभी दरड, खाली पाण्यालगत गोट्यांचा लांब पट्टा. दरडीच्या वर मेहुण्याची गाडी, कुलूपबंद. बाकीचे बोटीवाले पुढे निघून गेलेले.

मेहुण्याने अंग चाचपलं. मग हसला.

'जावईबापू, आज पहिल्यांदा चूक माझी. साजरी करा. जा, वर जाऊन तुमची गाडी घेऊन या. किल्ली तिच्यातच आहे. मी बोटी राखतो.'

'तुम्ही जा की,' मोजणीदार म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा.

'मी? मी इथे बसतो. मस्त गार आहे.' आणि पाय पाण्यात सोडून बसून राहिला. उठलासुद्धा नाही. 'आणि हो, सावकाश या. तुम्हाला सांगायला नकोच म्हणा.'

दरड चढून मोजणीदार रस्त्याला लागला. दुधाच्या टँकरवाल्याने त्याला वर सोडलं. गाडी होती. पँट होती. पँटीत किल्ली होती. ती त्याने शर्टाच्या खिशात घातली आणि निघाला. दिवेलागण झाली होती. थोडं पुढे आल्यावर रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडे नदी. उजवीकडे हमरस्ता, आणि रातोरात घर.

त्याने डावीकडचा दिवा लावला. टिक टिक टिक. मागेपुढे कुणी नव्हतं. तो तसाच बसून राहिला.

हे त्याने मला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं, ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये, डबा न उघडता. म्हणाला, 'मी दुसरं काहीही ठरवलं नव्हतं हो. एक रात्र काढू दे त्याला, एवढंच. डास चावतील. भूक लागेल. सकाळी कुणीतरी गाडीत घेईल, मग येईल बोंबलत. ती गोष्ट तो चारचौघांत सांगेल तेव्हा लोक त्याला हसतील. एकदाच.'

आणि तो उजवीकडे वळला. डावीकडचा दिवा चालूच होता म्हणे, बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

हमरस्त्याला लागला, आणि मागच्या सीटवर कुणीतरी वाजलं.

घाबरू नका, फोन होता. मेहुण्याचा, पँटीच्या खिशात. वाजून वाजून थांबला. मग याचा वाजला. बायको.

'कुठे आहात? दादा फोन उचलत नाही.'

'झोपलाय.'

'कुठे?'

'मागे. मागे झोपलाय.'

'तुमच्या गाडीत? आणि त्याची गाडी?'

'ती सुरूच होईना. बॅटरी बसली. तिथेच ठेवली, सोमवारी मेकॅनिक घेऊन जाणार म्हणतोय. काच नीट लावलीय, कुलूप लावलंय.'

ज्याला खोटं बोलायचा सराव नसतो तो फार तपशिलात जातो. तिला संशय आला नाही. उलट आनंदच झाला. दोघं एका गाडीतून येताहेत!

'भांडला नाहीत ना?'

'छे.'

'बघा, मी म्हणत नव्हते? झोपू दे त्याला. काही पांघरायला आहे का?'

'आहे.'

'हळू चालवा.'

हळूच चालवत होता तो. त्याने आयुष्यात काहीच जोरात चालवलं नव्हतं. काळोखी रात्र, दोन दिवसांवर अमावास्या. दोन्ही बाजूंना नुसती मोकळी जमीन. आरशात पँट दिसायची. गाडी खड्ड्यातून गेली की पाय हलवायची. त्याला हसू आलं. दंतवैद्याला त्याने पहिल्यांदाच गप्प बसलेलं पाहिलं.

रात्री पेट्रोल पंपावर थांबला. पंपावरचा माणूस नळी लावून गाडीभोवती फिरला.

'साहेब, बर्फ नेताय का?'

'नाही. का?'

'मागच्या दारातून पाणी गळतंय.'

मोजणीदाराने दार उघडलं. खालची रबरी मॅट ओली. पाण्याची बाटली पुढे होती, भरलेली, झाकण घट्ट. ओल्या बोटी आणि वल्ही तर नदीवर. त्याने पँटीला हात लावला. तळाशी, घोट्यापाशी, दोन्ही पाय ओले होते. वर कोरडी. इस्त्री शाबूत.

'एसीचं पाणी असेल,' पंपावरचा माणूस म्हणाला.

'असेल,' हा म्हणाला. एसी बंद होता.

मध्यरात्र झाली असेल. पुन्हा बायको.

'झोपच येईना. दादा उठला का?'

'नाही.'

'आवाज येतोय ना त्याचा.'

'कसला आवाज?'

'अहो, खोकतोय.'

…

'ऐकताय ना? केवढा ठसका लागलाय त्याला! पाणी द्या. गाडी थांबवा ना जरा.'

त्याने कान दिला. इंजिन. टायर. बाकी काही नाही.

'तुम्ही असे कसे हो? मला इथे ऐकू येतंय, आणि तुम्हाला…'

फोन कट झाला. त्याने केला की रेंज गेली, ते त्यालाही आठवत नाही.

गाडी बाजूला घेतली. आतला दिवा लावला. मागे वळून पाहिलं.

पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

आता हा मोजणीदार. तीस वर्षं लेव्हल लावून शेतं मोजलेला माणूस. त्याच्या नजरेला काय दिसावं? ओलीची रेघ. दोन्ही पायांवर एकाच उंचीला. सरळ. सांडलेल्या पाण्याची रेघ अशी नसते. सांडलेलं पाणी ओघळतं, वाकडंतिकडं जातं. ही रेघ उभ्या पाण्याची होती. कुणीतरी पाण्यात उभं असतं, तेव्हा येते ती.

आणि ती चढत होती.

त्याने फोन हातात घेतला. पोलिसांना करायचा. तुम्ही म्हणाल, केला का नाही? तेच मीही विचारलं. तो म्हणाला, 'काय सांगू त्यांना? माझ्या गाडीत एक पँट भिजतेय?' नाव विचारतील. माणूस तिथे एकटा कसा, म्हणतील. किल्ली कुणाकडे आहे, म्हणतील. सकाळी उगाच निघालं सगळं तर मेहुणा जन्मभर सांगत फिरेल: 'जावईबापूंनी माझ्या पँटीसाठी पोलीस बोलावले!' तो हशा याला आत्ताच ऐकू येत होता. खोकला ऐकू येत नव्हता. हशा येत होता.

मग त्याने गाडी वळवली. हो, वळवली, तेवढं श्रेय द्यायला हवं. नदीच्या दिशेने थोडा गेला. मग हिशेब केला. परत पोहोचायला उजाडेल. घर जवळ आहे. काही झालंच असेल तर होऊन गेलं असेल. नसेल झालं तर जाऊन उपयोग काय? हिशेबात कुठेही चूक नव्हती. आमच्या ऑफिसात असा हिशेब कुणीही मंजूर केला असता.

पुन्हा गाडी वळवली. घराकडे.

आरशात पाहायचं नाही, असं ठरवलं.

पाहिलं.

मांड्या.

समोर रस्ता. एकही गाडी नाही. मागे टप… टप… टप. मॅटवर पाणी साचलं असावं. वळणावर ते या दारापासून त्या दारापर्यंत जाताना ऐकू यायचं. वास येऊ लागला. नदीच्या तळाचा. गाळाचा.

पाहिलं.

कंबर.

पट्ट्याच्या घराघरातून पाणी. खिशातून पाणी. खिशातला फोन एकदा उजळला… आणि विझला.

कमरेच्या वर पँट नसते. त्यामुळे पुढे काय झालं, ते कळायला साधन उरलं नाही.

टप… टप…

मग तेही थांबलं. एकदम. नळ बंद केल्यासारखं.

तो म्हणाला, 'त्यानंतरचा रस्ता मला आठवत नाही. फक्त एवढं आठवतं की मी बोलत होतो. दादा, दादा, म्हणत होतो. मी त्यांना कधी दादा म्हटलं नव्हतं.'

पहाटे घराखाली गाडी लावली. मागे पाहिलं नाही. दार लावलं नाही. जिना चढला. बायको दार उघडून उभीच होती. हा आत गेला. ती दार धरून थांबली. आपण दोघांसाठी दार धरतो ना, तशी. पहिला आत आला की दुसऱ्यासाठी… तशी. मग दार लावलं.

'दादा?'

तो चपला काढायला वाकला.

'मागे झोपलाय म्हणालात ना?'

'वाटेत उतरला.'

'कुठे?'

…

'अहो, कुठे?'

उत्तर त्याला द्यावं लागलं नाही. सकाळी पोलिसांचा फोन आला. मध्यरात्रीच्या आधी वरच्या धरणातून कालव्यासाठी पाणी सोडलं होतं. भोंगा वाजवला होता म्हणे. गोट्यांचा पट्टा बुडाला. मेहुणा दोन वळणं खाली एका पडलेल्या झाडात अडकलेला सापडला.

त्याला शेवटचं पाहिलेला माणूस म्हणजे खडीच्या डंपरचा ड्रायव्हर. त्याने जबाबात सांगितलं ते मी वाचलं नाही, पण तो ड्रायव्हर मोजणीदाराच्या तोंडावर, पोलीस चौकीच्या पायरीवर, सगळ्यांदेखत जे बोलला ते मला तीन माणसांनी सांगितलं आणि तिघांचं एकसारखं आहे. संध्याकाळी तो हात धुवायला खाली उतरला होता. डॉक्टर पाय पाण्यात घालून बसलेले. उजवा पाय घोट्यापाशी सुजून हा एवढा. शेवटच्या खळाळात दगडांत अडकून पिरगळला होता. टेकवत नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, चला साहेब, पाठीवर घेतो, वर नेतो, दवाखान्यात सोडतो. तर ते म्हणाले,

'नको रे बाबा. आमचे जावईबापू येतायत गाडी घेऊन. मी इथे नाही दिसलो तर घाबरतील ते. पायाचं बोललो नाही त्यांना, धावत सुटले असते. जरा सावकाश काम असतं त्यांचं. पण येणार म्हणजे येणार.'

तो उठला का नव्हता, ते असं कळलं.

गुन्हा काही झाला नाही. किल्ली वेळेवर न पोहोचवणं कुठल्या कलमात बसत नाही. पोलिसांनी गाडी पाहिली. पँट हुकाला होती. कोरडी. इस्त्रीची घडी मोडलेली नव्हती. मॅट कोरडी. पेट्रोल पंपावरच्या माणसाला काही आठवत नव्हतं. दिवसाला किती गाड्या येतात त्याच्याकडे. तुम्हाला वाटत असेल, म्हाताऱ्याने सांगितलं म्हणून काय झालं, मोजणीदाराच्या डोक्यातच घडलं हे सगळं. मलाही तेच वाटलं असतं. वाटून घ्यायला मला आवडलं असतं.

पण मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे भेटायला गेलो.

घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या तोंडाशी त्याची बायको उभी होती. जिना पुसणारी बाई बादली घेऊन बाजूला ताटकळत होती. हिने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं होतं आणि ते घट्ट धरून उभी होती. रडत नव्हती. मी पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात म्हणाली,

'भिंतीकडून या, काका. मधे पाय देऊ नका.'

मी खाली पाहिलं.

पायरीच्या मधोमध पाऊल होतं. अनवाणी. ओल उडून गेलेली. मागे बारीक करडा गाळ राहिलेला. पाचही बोटं स्पष्ट. मोठ्या माणसाचं.

डावं.

पुढच्या पायरीवर… डावं.

त्याच्या पुढच्या…

मी भिंतीला खेटून चढत गेलो. ती माझ्या मागून. पहिला मजला. वळण. दुसरा. प्रत्येक पायरीवर एकच. उजवं कुठेच नाही. जड शरीर एका पायावर पेलत, एकेक पायरी उडी मारत कुणी चढावं, तसं. वर वर टाच जास्त दाबून टेकलेली. दमल्यासारखी.

दार उघडं होतं. शेवटचं पाऊल उंबऱ्याच्या आत होतं.

त्या पावलाच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून, मोजणीदार बसला होता. मी उंबऱ्यावरूनच मागे फिरलो.

उतरताना मात्र नीट पाहत उतरलो. भिंतीकडून, सावकाश, प्रत्येक पायरी. थेट खाली रस्त्यापर्यंत.

सगळी पावलं वर गेलेली होती.

खाली आलेलं… एकही नव्हतं.